आधी घास, मग औषध

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षात 'सभासदांचे छंद' या कार्यक्रमात केलेले भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून थोडेफार नीट करून लिहून दिले आहे. बोलीतले शब्द तसेच ठेवले आहेत, वाचकांनी सांभाळून घ्यावे.)



माझ्या आधी बोललेल्या वहिनींनी गच्चीवरच्या बागेबद्दल इतकं छान सांगितलं की आता माशांवर काय बोलू, असा प्रश्न पडला आहे. बागेतून निदान कढीपत्ता तरी मिळतो. माझ्या छंदातून सोसायटीला आजवर काहीच मिळालेलं नाही. उलट पाणी गेलं, वीज गेली, आणि एकदा मध्यरात्री पंपाच्या आवाजाने खालच्या मजल्यावरच्यांची झोपही गेली. त्याबद्दल आज जाहीर माफी मागून टाकतो.

तरीही आपला वॉचमन गेली कित्येक वर्षं गेटवर मला एकच प्रश्न विचारतो. "आप्पा, आज मासा जेवना का?" राम राम नंतर. आजचं भाषण म्हणजे त्या प्रश्नाचं लांबलेलं उत्तर आहे असं समजा.

धुळ्यात समुद्र

पुष्कळांना वाटतं, आमच्याकडची टाकी म्हणजे गोल्डफिशची टाकी. तसं नाही. ती खाऱ्या पाण्याची आहे. देवपुरातून समुद्र गाठायचा तर सुरतेच्या बाजूला जा नाहीतर मुंबईला, पाच-सहा तासांचा प्रवास आला. मग हे वेड कुठून आलं?

मी कॉलेजात असताना मुंबईला मावशीकडे गेलो होतो. तिने मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय दाखवलं. हे मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं. एका काचेमागे निळा-पिवळा मासा होता, आणि कर्मचारी त्याला वरून काहीतरी बारीक चिरलेलं टाकत होता. मासा तोंडात घ्यायचा, थुंकायचा, पुन्हा घ्यायचा. मावशी म्हणाली, "हा तर तुझ्यासारखाच, भाजीतली मिरची निवडून काढतोय." ते दृश्य डोक्यात राहिलं. नंतर नोकरी, बदल्या, मुलांची शिक्षणं. २०११ साली बँकेतून निवृत्त झालो आणि २०१३ साली हॉलमध्ये चारशे लिटरची टाकी आली.

खारं पाणी म्हणजे स्वयंपाकघरातलं मीठ टाकलेलं पाणी नव्हे. समुद्राच्या पाण्यात एका लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात आपलं नेहमीचं मीठ सगळ्यात जास्त, पण मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असं बरंच काही असतं. त्यासाठी तयार मीठ मिळतं, ते आरओच्या पाण्यात कालवायचं. नळाचं पाणी थेट चालत नाही, त्यात क्लोरीन असतं. बोअरचं तर विचारूच नका, आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने कुकरच्या तळाशी काय होतं ते सगळ्या भगिनींना माहीत आहे.

एक खुलासा आधीच करतो, कारण लहान मुलं येऊन विचारतात. आमच्या टाकीत जिवंत प्रवाळ नाही आणि समुद्रघोडाही नाही. समुद्रघोडे आणि खडक बांधणारी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत. ती विकत घेणं आणि पाळणं दोन्ही गुन्हा आहे. कोणी देतो म्हटलं तरी घेऊ नका.

माझ्या हातून झालेली चूक

आता मूळ गोष्टीकडे येतो. ही सांगायला मला आवडत नाही.

२०१७ साली मी एक 'पावडर ब्लू टँग' आणला. आपल्याच हिंदी महासागरातला मासा, आकाशी अंग, पिवळा पाठीवरचा पर. पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं होतं की नवा मासा किमान महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवावा, आणि या जातीला तर रोग लवकर धरतो. मी सदतीस वर्षं बँकेत काढली. केवायसी पूर्ण झाल्याशिवाय कोणाचं खातं उघडलं नाही. पण त्या माशाला पाहिलं आणि वाटलं, चार दिवसांनी नातू पुण्याहून येतोय, त्याला टाकीत फिरताना दाखवू. पिशवीचं तापमान जुळवलं आणि सोडून दिला.

सहाव्या दिवशी त्याच्या अंगावर रवा शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके दिसले. नवव्या दिवसापर्यंत सगळ्यांच्या अंगावर दिसले. दोन आठवड्यांत टाकीतले पाचही मासे गेले. त्यात क्लाउनफिशची जोडी होती, 'निमो' म्हणतात तीच, चार वर्षं आमच्याकडे असलेली. नातू तेव्हा आठ वर्षांचा. तो रडला नाही. एवढंच म्हणाला, "आजोबा, त्याला आधी वेगळं का नाही ठेवलं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याला दाखवण्यासाठीच घाई केली होती, हे त्याला कसं सांगणार?

मंडळी, त्यानंतर टाकी ७६ दिवस माशांशिवाय ठेवली. दिवा रोज लागायचा, पंप चालायचा, आत एकही मासा नाही. तो रोगजंतू माशाच्या अंगावर जगतो, मासाच मिळाला नाही तर उपासमारीने संपतो, म्हणून हे थांबणं. पाहुणे विचारायचे, "मासे कुठे गेले?" प्रत्येकाला सांगावं लागायचं. ती माझी शिक्षा झाली, आणि योग्य झाली.

महिनाभर का?

हा ठिपक्यांचा रोग म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन नावाचा एकपेशीय परजीवी. त्याचं आयुष्य समजलं की बाकी सगळं समजतं. तो माशाच्या कातडीत आणि कल्ल्यांत तीन ते सात दिवस राहतो. मग गळून तळाशी पडतो आणि स्वतःभोवती टणक कवच करतो. कवचात एकाचे शेकडो होतात. काही कवचं तीन-चार दिवसांत फुटतात, काही तीन-चार आठवड्यांनी, क्वचित त्याहूनही उशिरा. बाहेर आलेली पिल्लं दीड-दोन दिवसांत मासा शोधतात, नाहीतर मरतात.

औषध म्हणजे तांबं, पाण्यात विरघळवलेलं. पण तांबं फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना मारतं. कातडीतल्याला नाही, कवचातल्यालाही नाही. म्हणून ठिपके गेले तरी औषध थांबवायचं नाही, तीस दिवस योग्य मात्रा टिकवायची. आपले डॉक्टर सांगतात ना, बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडू नका, तसंच हे.

आणि इथेच खरी अडचण येते. तांब्याने माशाची भूक मरते. नवा मासा आधीच घाबरलेला, पकडल्यापासून अर्धपोटी, त्यात उघडीबोडकी टाकी आणि त्यात हे औषध. पुष्कळदा मासा रोगाने जात नाही, बरा होता होता उपाशी जातो. त्यामुळे महिनाभराच्या क्वारंटाईनमध्ये औषध देणं हा सोपा भाग आहे. खाऊ घालणं हा अवघड.

वेगळी खोली

क्वारंटाईनची टाकी आमच्या मागच्या बेडरूममध्ये आहे. साठ लिटरची, साधी काच. आत वाळू नाही, दगड नाहीत, कारण ते तांबं शोषून घेतात आणि मात्रा हलते. लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे. मासा लपायला जागा नसेल तर खाण्याचा विचारच करत नाही. तीन बाजूंना पुठ्ठा, दिवा मंद. स्पंजचा फिल्टर, पण तो आधी महिनाभर मोठ्या टाकीत ठेवून मुरवलेला, म्हणजे त्यात घाण पचवणारे चांगले जिवाणू वसलेले असतात. नव्या स्पंजवर हे काम होत नाही. दह्याला विरजण लागतं तसं.

आता माझा नियम सांगतो. तोच आजच्या भाषणाचं शीर्षक आहे. आधी घास, मग औषध. मासा आल्यावर रोगाचं लक्षण नसेल तर पहिला आठवडा औषध नाही. त्याला स्वच्छ पाण्यात खायला शिकवायचं. दोन-तीन दिवस नीट खाल्लं की मग तांबं सुरू करायचं, तेही एकदम नाही, चार-पाच दिवसांत हळूहळू चढवत. साधं तांबं असेल तर लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम. बाटलीत संयुक्त तांबं मिळतं त्याचं माप वेगळं असतं, ते बाटलीवर वाचायचं, अंदाजाने ओतायचं नाही. रोज टेस्ट किटने मोजायचं. कमी पडलं तर रोग मरत नाही, जास्त झालं तर मासा मरतो.

अपवाद एकच. मासा धापा टाकत असेल, अंगावर बारीक धुळीसारखा थर दिसत असेल, तर तो 'वेल्वेट' नावाचा दुसरा रोग. तो दोन-तीन दिवसांत मासा संपवतो. तिथे घासाची वाट बघायची नाही, औषध लगेच.

हट्टी पाहुण्यांचं जेवण

२०१८ साली पुन्हा पावडर ब्लू आणला. या वेळी नीट. हा मासा मूळचा शेवाळ खाणारा, दिवसभर दगडावर चरणारा, शेळीसारखा. त्याला दिवसातून एकदा दाणे टाकले तर तो बघतही नाही. त्याच्यासाठी नोरी, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा कागदासारखा पापड, ऑनलाइन मागवतो. बिनमसाल्याचा, बिनतेलाचा. तो पाइपच्या तुकड्याला रबरबँडने बांधून तळाशी ठेवायचा. वर तरंगत ठेवला तर नवीन मासा तिथवर येत नाही. पहिले दोन दिवस त्याने हात लावला नाही. म्हणजे तोंड लावलं नाही.

मग एक युक्ती केली. आपल्या पाचकंदीलच्या बाजूला साधी काळी मोली मिळते, गोड्या पाण्यातली, अगदी स्वस्त. मोलीला काही तासांत हळूहळू खाऱ्या पाण्याची सवय लावता येते, ती त्यात मजेत जगते. अशा दोन मोल्या त्याच्या टाकीत सोडल्या. मोली म्हणजे लग्नातला पहिल्या पंगतीचा पाहुणा, दिसेल ते खाणार. त्या नोरीवर तुटून पडल्या, आणि तासाभरात आमचे साहेब पाइपमागून बाहेर आले. एकटं जेवायला कोणालाच आवडत नाही बहुतेक.

२०१९ साली आला कॉपरबँड. लांब चोच, अंगावर नारिंगी पट्टे. हा खरा हट्टी. खडकांच्या फटींतून बारीक जीव टिपून खाणारा. पाण्यात पडणारं अन्न हे अन्न असतं, हेच त्याला माहीत नाही. चार दिवस काही खाल्लं नाही. पाचव्या दिवशी तिसऱ्या दिल्या. तिसऱ्या म्हणजे कोकणात खातात त्या शिंपल्या. पुतण्या मुंबईहून लक्झरी बसने थर्मोकोलच्या डब्यात बर्फ घालून पाठवायचा. त्या आधी काही दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवतो, सोबत आलेले काही परजीवी तरी त्याने मरतात. मग एक शिंपली उघडून, मांस आतच ठेवून, तळाशी ठेवली. फटीतून टोचून खायचं हे त्याच्या ओळखीचं काम. दहा मिनिटं तो भोवती फिरला आणि मग चोच आत गेली. मी आनंदाने ओरडलो, तो पुन्हा पाइपमागे पळाला. आमची सौ. म्हणाली, "जेवणाऱ्याकडे असं टक लावून बघतात का?" तेव्हापासून मी अन्न ठेवतो आणि खोलीबाहेर जातो.

अगदी काहीच न खाणाऱ्यासाठी जिवंत खाद्य लागतं. आर्टेमिया नावाचा मिठागरांत होणारा बारीक जीव आहे, त्याची अंडी पाकिटात कोरडी मिळतात. लिटरला २५ ग्रॅम मीठ, २६ ते २८ अंश तापमान, खालून जोरात हवा, वर दिवा. चोवीस तासांत पिल्लं निघतात. हवा बंद करून तळाशी टॉर्च धरला की ती उजेडाकडे गोळा होतात आणि टरफलं वर तरंगतात. ही पिल्लं निघाल्यापासून काही तासांतच द्यायची. उशीर झाला की त्यांच्यातला कस निघून जातो, मग नुसता हलणारा भुसा उरतो. मोठा झालेला आर्टेमिया म्हणजे आपला कुरमुरा, पोट भरल्यासारखं वाटतं पण अंगी लागत नाही. त्याच्यावर मासा आठ-दहा दिवस काढेल, महिना नाही.

म्हणून एका पदार्थावरून दुसऱ्यावर न्यायचं ते हळूच. आधी जिवंत आर्टेमिया. मग त्यातच थोडं गोठवलेलं मायसिस, म्हणजे बारीक कोळंबीसारखा जीव. मग मायसिस जास्त, आर्टेमिया कमी. शेवटी मायसिसच्या रसात भिजवलेले दाणे. लहान मुलाला वरणभातातून पालेभाजी कशी खाऊ घालतो, अगदी तसं.

लसणाबद्दल सगळे विचारतात, आपण खान्देशी माणसं. हो, लसणाचा रस अन्नाला लावतात. वासाने काही मासे तोंड लावतात, माझाही तसा अनुभव आहे. पण लसणाने रोग जातो हे काही खरं नाही. लसूण लावून तांबं टाळलं तर काय होतं, ते मी दुसऱ्यांच्या टाक्यांत पाहिलं आहे.

आणि एक प्रामाणिकपणे सांगतो. पहिला कॉपरबँड आजही आमच्या टाकीत आहे. नंतर आणलेला दुसरा अकराव्या दिवशी गेला. तिसऱ्या, आर्टेमिया, मोल्या, सगळं केलं, त्याने एक घास घेतला नाही. डोक्यामागे खड्डा पडलेला होता, म्हणजे आमच्याकडे यायच्या आधीच फार दिवस उपाशी होता. तेव्हापासून मासा खात असल्याचा व्हिडिओ पाहिल्याशिवाय मी पैसे पाठवत नाही. आणि मँडरिन नावाचा अतिसुंदर मासा आहे, तो दिवसभर बारीक जिवंत जीव टिपतो. तो मी कधी घेतला नाही. आपल्याला पोसता येणार नाही ते घरी आणू नये.

रजिस्टर

माझ्या टाकीशेजारी एक रजिस्टर असतं. बँकेची सवय. तारीख, तापमान, तांबं किती, अमोनिया किती, काय दिलं, किती खाल्लं, किती उरलं. लोक हसतात. पण अहो, कर्ज थकायच्या आधी खातं बोलायला लागतं. नव्वद दिवस उलटून ते एनपीए झाल्यावर जागं होण्यात अर्थ नसतो. तसंच माशाचं. काल पाच तुकडे, आज तीन, उद्या एक, हे कागदावर दिसतं, डोळ्यांना दिसत नाही.

भूक अचानक उतरली तर मी आधी तीन गोष्टी बघतो. तांबं वर गेलंय का? अमोनिया आलाय का? पाणी तापलंय का? बहुतेक वेळा उत्तर यातच सापडतं. तांबं जास्त असेल तर थोडं पाणी बदलून मात्रेच्या खालच्या टोकाशी आणायचं, पण त्याच्या खाली नाही.

अमोनिया हा उरलेल्या अन्नातून येतो. न खाणाऱ्या माशाला आपण मायेने जास्त टाकतो, ते कुजतं, पाणी बिघडतं आणि तो आणखी खात नाही. म्हणून थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा, आणि पंधरा मिनिटांत उरलेलं नळीने ओढून घ्यायचं. पाणी बदलायचं तर नव्या पाण्यातही तेवढंच तांबं घालून. एक धोका लक्षात ठेवा. अमोनिया मारणारी जी रसायनं बाजारात मिळतात, ती तांब्याबरोबर वापरायची नाहीत. त्यातली काही तांब्याचं रूप बदलून ते जास्त विषारी करतात. आणि फिल्टरमध्ये कोळसा ठेवायचा नाही, तो औषधच खाऊन टाकतो.

ज्याला तांबं सोसणार नाही असं वाटतं, त्याच्यासाठी बिनऔषधाचा मार्ग आहे. कॉपरबँडला मी तोच वापरला. दर ७२ तासांनी मासा नव्या पाण्याच्या स्वच्छ टबात हलवायचा, असं चार वेळा. अंगावरून गळलेला परजीवी जुन्या टबात कवच करून बसतो, ते फुटायच्या आत मासा निघून गेलेला असतो. जुना टब धुऊन कडकडीत वाळवायचा. चाळीस लिटरच्या टबाला दर वेळी सुमारे १.४ किलो मीठ लागतं, खर्च होतो. पण भूक शाबूत राहते. मात्र हा उपाय ठिपक्यांच्या रोगापुरता, वेल्वेटवर याचा भरवसा धरू नये.

मे महिना आणि पाणी

आपल्या धुळ्याचा मे महिना तुम्हाला सांगायला नको. पाणी २६ अंशांवर हवं आणि खोलीत ३८. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो, मासा धापा टाकतो, खाणं सोडतो. पृष्ठभागावर पंखा लावला की दोन-तीन अंश उतरतात. बर्फाच्या बंद बाटल्या सोडतो. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी साधं आरओचं पाणी घालायचं, खारं नाही, कारण मीठ उडत नाही. आणि डिसेंबर-जानेवारीत उलटं, रात्री पारा इतका उतरतो की हीटर लागतो. वीज जाते तेव्हा बॅटरीवरचा हवेचा पंप. एकदा रात्रभर लाइट नव्हती आणि फ्रीझरमधलं मायसिस विरघळलं. सकाळी पुन्हा गोठलेलं होतं, दिसायला ठीक. फेकून दिलं. ते द्यायचं नसतं.

पाण्यावरून आपल्या सर्वसाधारण सभेत माझ्यावर प्रश्न आला होता, तो रास्त होता. नळ चार-सहा दिवसांनी येतो आणि हा माणूस माशांना पाणी घालतो. तेव्हापासून आरओचं वाया जाणारं पाणी मी बादल्यांत भरतो, त्यात आमच्या मजल्याचा जिना पुसला जातो. प्रश्न विचारणारे सभासद आज समोर बसले आहेत. जिना स्वच्छ आहे, एवढं त्यांनी मान्य करावं.

आपलं क्वारंटाईन

आता शेवटचं.

एप्रिल २०२१. आम्ही दोघंही पॉझिटिव्ह निघालो. माझा ऑक्सिजन उतरला, मला दवाखान्यात ठेवलं. सौ. घरी एकटी, दार बंद. नेमका तेव्हा मागच्या खोलीत एक रॅबिटफिश क्वारंटाईनमध्ये होता, तांब्याचा नववा दिवस. या माशाचे पाठीवरचे काटे विषारी असतात. मी फोनवर सांगितलं, "सोड तो मासा, हात घालू नकोस." ती म्हणाली, "रजिस्टर आहे ना."

रोज संध्याकाळी तिचा मेसेज यायचा. तांबं इतकं, अमोनिया इतका, नोरी अर्धा तुकडा खाल्ली. चौथ्या दिवशी मेसेज आला, "मासा जेवला. मी नाही."

तिची चव गेली होती, वास गेला होता, औषधांनी तोंड कडू झालं होतं. तुम्ही सगळे दाराशी डबे ठेवत होतात. पोळ्या, दोन भाज्या, वरण, भात, कोशिंबीर. ते पाहूनच तिला मळमळायचं, आणि डबा परत गेला की तुम्हाला वाईट वाटेल म्हणून ती तो लपवून ठेवायची. मी दवाखान्यातून फोनवर काय करत होतो? "खा, खायलाच पाहिजे, औषध चालू आहे" असं दिवसातून पाच वेळा ओरडत होतो. माशासमोर जे कधी केलं नसतं ते बायकोला करत होतो.

वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी वेगळं केलं. त्यांनी फोन करून विचारलं, "वहिनी, उन्हाळ्यात माहेरी काय खायचा तुम्ही?" ती म्हणाली, "चीक." एप्रिल म्हणजे कुरडयांचे दिवस. आपल्याकडे त्या करताना गव्हाचा गरम चीक वाटीत घालून मुलांना देतात. दुसऱ्या दिवशी एक छोटी वाटी दाराशी आली, चिकाची, वर थोडं तूप, साखर. बरोबर चिठ्ठी, "दोन चमचे पुरे. उरलं तर टाकून द्या, वाटी नंतर घेईन." वहिनी बेल वाजवून निघून गेल्या, खिडकीतूनही पाहिलं नाही. तिने चार चमचे खाल्ले. रजिस्टरात माशाच्या रकान्याशेजारी तिने नवा रकाना आखला आणि त्यात लिहिलं, चीक, चार चमचे. दुसऱ्या दिवशी सहा. मग मुगाची पातळ खिचडी. आठव्या दिवशी मी घरी आलो तेव्हा ती अर्धी भाकरी खात होती. आज ती दुसऱ्या रांगेत बसली आहे आणि मी हे का सांगतोय म्हणून माझ्याकडे रागाने बघते आहे.

ते पान मी जपून ठेवलं आहे. वहिनींनी मासे कधी पाळले नाहीत. पण थोडं द्यावं, ओळखीचं द्यावं, उरलं तर बोलू नये, टक लावून बघू नये, हे मला सात-आठ वर्षं आणि बरेच मासे घालवून समजलं, ते त्यांना आधीच माहीत होतं.

आपली सोसायटी पंचवीस वर्षांची झाली. सुरुवातीला पहिल्या मजल्यावर पळणारी पोरं आता पुण्याला, बंगळुरूला, परदेशात आहेत. इमारतीत आपण म्हातारे जास्त उरलो आहोत. दर दोन-चार महिन्यांनी कोणीतरी ऑपरेशन होऊन, गोळ्यांची पिशवी घेऊन परत येतं. भरलेला डबा न्या, जरूर न्या. पण आधी एक फोन करून विचारा, माहेरी काय खायचात. पुरुषांनाही विचारा, आईच्या हातचं काय आवडायचं. माझ्यापुरतं आत्ताच सांगून ठेवतो, वांग्याचं भरीत नको, सगळे तेच आणतात. मला ताकातली भाकरी.

कोणाला ही टाकी सुरू करायची असेल तर माझ्याकडे या, रजिस्टर दाखवतो. सुरुवात टाकीत जन्मलेल्या क्लाउनफिशपासून करा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने केरळात विळिंजमला त्यांची पैदास करून दाखवली आहे, आणि आपल्याकडे ऐरोलीतही हे काम झालं आहे. असा मासा लहानपणापासून दाणे खातो, समुद्रातून ओरबाडलेला नसतो. पण मोठी टाकी घ्यायच्या आधी छोटी क्वारंटाईनची टाकी घ्या. नातू येणार असला तरी.

बाकी वॉचमनच्या प्रश्नाचं आजचं उत्तर. हो रे भो, जेवना.